खड्ड्याकाठची बैठक

सिमेंटची गाडी उद्या सकाळी आठला येणार, हे धाकट्याने जेवणं आटोपल्यावर सांगितलं. तेही हात धुता धुता, नळाकडे तोंड करून.

"कसली गाडी?" थोरल्याने विचारलं.

"काँक्रीटची. खड्डा भरायला."

मग थोरल्याने ताटावरून उठून, हातसुद्धा न धुता, भिंतीवरची गॅरेजची किल्ली काढली. "चला सगळे खाली," तो म्हणाला. "बैठक."

या घरात बैठक म्हणजे एकच. गॅरेज खाली, घर वर. गॅरेजच्या मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा. तो आजोबांनी स्वतः पहार मारून खणला, आणि खणून झाल्यावर दमून त्याच्याच काठावर पाय सोडून बसले, आजीला खाली बोलावलं, आणि पाटीवर काय नाव लिहायचं ते तिथे ठरलं. तेव्हापासून या कुटुंबाचे सगळे मोठे निर्णय खड्ड्यात पाय सोडून झालेत. ताईचं लग्न तिथे ठरलं. धाकटा घर सोडून गेला तेही तिथून उठून, आणि सहा वर्षांनी परत आला तेव्हा वर न जाता आधी तिथेच येऊन बसला होता. कपड्यांना ग्रीस लागतं, पार्श्वभाग गारठतो, पण कोणाची बिशाद आहे की बैठक वर सोफ्यावर घेऊ म्हणेल!

तर सुट्टीची दुपार, शटर अर्धं वर, आणि पाच माणसं खड्ड्यात पाय सोडून बसलेली. एका बाजूला वडील, म्हणजे अप्पा, आणि थोरला. समोर धाकटा आणि ताई. ताई रुग्णालयात परिचारिका. आठवड्याची एकच सुट्टी, ती माहेरी आराम करायला म्हणून आली होती बिचारी. आणि टोकाला, पायऱ्यांच्या बाजूला, वहिनी. म्हणजे थोरल्याची बायको. काचेच्या केबिनमध्ये बसून ती सव्वीस वर्षं गॅरेजचा काउंटर सांभाळते आहे.

"न विचारता गाडी सांगितलीस," थोरला म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

ताई फिस्सकन हसली.

धाकट्याचं म्हणणं नवीन नव्हतं. टॅक्सीस्टँडवरच्या गाड्या हे गॅरेजचं अर्धं काम. त्या गाड्या एकेक करून इलेक्ट्रिक होत होत्या. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने परवा स्पष्ट सांगितलं होतं, की तुमच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट आणि चार्जिंगची सोय महिनाअखेरपर्यंत झाली तर आमच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे, नाहीतर हमरस्त्यावरच्या नव्या वर्कशॉपकडे. लिफ्टला सपाट, भक्कम जमीन हवी. मध्ये खड्डा असला की लिफ्टचे खांब रोवता येत नाहीत.

"पोटाखाली एवढी मोठी बॅटरी असते, दादा. ती खड्ड्यात वाकून कशी उतरवणार? आणि आपण काय तेल बदलणार आहोत तिचं? तिला तेलच नाही!"

"तेल नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही," थोरला म्हणाला. "आवाज नाही. मग अप्पांनी काय ऐकायचं?"

आणि बोलता बोलता त्याने बोट दाखवलं ते अप्पांच्या मांडीवर आडव्या पडलेल्या लांब पेचकसाकडे.

या पेचकसाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. दुरुस्त झालेली कुठलीही गाडी इथून अशीच जात नसे. इंजिन चालू करायचं, अप्पांनी पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. सगळं ठीक असलं की ते म्हणत, "बोलली." मगच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. दूरदूरची माणसं त्या एका शब्दासाठी यायची. दुसऱ्या गॅरेजने पास केलेली गाडीसुद्धा, "अप्पा, जरा ऐकता का?" म्हणत आणायची.

"अप्पांचा कान म्हणजे हे गॅरेज," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तो खड्डा भरायचा म्हणजे अप्पांना वर नेऊन खुर्चीत बसवायचं. सरळ बोल ना तसं!"

"मी असं कुठे म्हटलं? अप्पा, मी असं म्हटलं का?"

अप्पा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. "बोलू दे त्याला," ते एवढंच म्हणाले. कोणाला बोलू दे, ते काही कळलं नाही.

थोरला एवढा का चिडतो, हे त्याचं त्यालाच माहीत होतं, आणि त्याने ते कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. तो आठ वर्षांचा असताना अप्पांनी पहिल्यांदा त्याच्या कानाला पेचकस लावला होता. "येतोय आवाज? मागे बारीक टकटक? तो टॅपेट, झडपेवरचा." त्याला नुसती घरघर ऐकू आली होती. तो "हो" म्हणाला. मग दहाव्या वर्षी हो, पंधराव्या वर्षी हो. हातात कसब होतं, इंजिन उघडून पुन्हा बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण तो कान काही त्याला मिळाला नाही. ज्याला एखादी गोष्ट मिळत नाही ना, तोच ती जिवापलीकडे जपतो. अप्पांचा कान आहे तोवर आपल्याला कोणी विचारणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

ताई होती ती धाकट्याच्या बाजूने. रुग्णालयाची रुग्णवाहिकाच आता इलेक्ट्रिक झाली होती. पेशंटला धक्का बसत नाही, धूर नाही. त्याच धुराने आई गेली, असं ताईचं ठाम मत, आणि ते तिने आजही बोलून दाखवलं.

"आयुष्यभर वरच्या खिडकीत उभी राहून धूर गिळला तिने. पडदे महिन्यात काळे व्हायचे. आठवतंय ना?"

"पडदे आठवतात," थोरला म्हणाला. "आणि खेळ नाही आठवत? त्याच खिडकीत?"

झालं. ताईचा चेहराच पालटला. तिघं भावंडं खिडकीत डोळे बांधून बसायची. कोपऱ्यावरून गाडी वळली की ओळखायचं कोणाची. टपालाची व्हॅन खोकत यायची. दूधवाल्याचा टेम्पो कुरकुरत. शाळेची बस चढावर दम घ्यायची. आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करून रात्री उशिरा परतणारे अप्पा, त्यांची जुनी गाडी कोपऱ्यावरच गिअर उतरवायची, तो आवाज आला की आई स्टोव्ह पेटवायला उठायची. आईला कधी घड्याळ लागलं नाही.

"मी कायम हरायचे," ताई म्हणाली. "हा जिंकायचा." तिने धाकट्याला कोपर मारलं. "हा झोपेतसुद्धा ओळखायचा. आणि आता हाच निघालाय खड्डा बुजवायला! रस्ता मुका होणार रे आपला."

"घ्या," धाकटा म्हणाला. "म्हणजे तू पण फिरलीस."

"फिरले नाही. वाईट वाटतंय. वाईट वाटायचीपण चोरी आहे का?"

धाकट्याला काय वाईट वाटत नव्हतं? पहिल्यांदा इलेक्ट्रिक गाडीत बसला तेव्हा त्याने तीनदा बटण दाबलं होतं. गाडी चालू झाली आहे यावर त्याचा विश्वासच बसेना. मग ती सरकली, आणि आपण काहीतरी विसरून निघालो आहोत असं त्याला दिवसभर वाटत राहिलं. पण हे इथे सांगितलं असतं तर दादाने तेच धरून ठेवलं असतं.

शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी थोरल्याने मांडीवर थाप मारली. "ठीक आहे. आत्ताच्या आत्ता बघू. ती बघ दंतवैद्याची गाडी. सर्व्हिसिंग झालंय, उद्या द्यायची आहे. लाव तुझं ते दोष शोधायचं मशीन. मग अप्पा ऐकतील. मशीनने सांगितलं नाही असं अप्पांनी एक जरी सांगितलं, तर तू फोन करून गाडी रद्द करायची. नाही सांगितलं, तर मी स्वतः सिमेंट ओततो. कबूल?"

"कबूल," धाकटा म्हणाला.

टोकाला बसलेल्या वहिनीने झटकन अप्पांकडे पाहिलं.

कारण जे या चौघांत फक्त अप्पांना माहीत होतं, ते तिलाही माहीत होतं. अप्पांचा कान गेला होता. माणसाचं बोलणं तोंडाकडे बघून कळायचं, मोठे आवाज कळायचे, पण बारीक आवाज सगळे गेले होते. दहा महिन्यांपूर्वी त्यांनी एका टॅक्सीला "बोलली" म्हणून सोडलं, तेव्हा वहिनी केबिनमधून उठून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, टॅपेट वाजतोय." अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी टॅक्सी परत आत घ्यायला लावली. चहाच्या वेळी दोघांचं तीन वाक्यांत ठरलं. ती काचेमागे उभी राहायची. कपाळाला हात म्हणजे इंजिनाचं डोकं, खांद्याला हात म्हणजे टॅपेट, गळ्याला हात म्हणजे पाण्याचा पंप. हात खाली म्हणजे गाडी ठणठणीत. अप्पा डोळे मिटतात असं सगळ्यांना वाटायचं. ते किलकिले असायचे.

आणि वहिनीला कुठून आलं हे? ती या घरात आली तेव्हा तिला सगळ्या गाड्या सारख्याच घरघरायच्या. नणंद-दीर हसायचे. मग सव्वीस वर्षं काचेमागे बसून दुसरं करणार काय! समोर बिलं लिहायची आणि कानाने ऐकायचं. अप्पा डोळे मिटायचे तेव्हा तीही मिटायची. अप्पा काय म्हणतील ते मनात आधी म्हणून बघायची. कधीतरी, दहाव्या-बाराव्या वर्षी, तिच्या लक्षात आलं की आपलं चुकतच नाही. एवढा आनंद तिला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नव्हता. सांगणार कोणाला? नवऱ्याला? तो तर "हो, आलं ऐकू" म्हणतो तेव्हा खोटं बोलतो, हे तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ओळखलं होतं.

धाकट्याने मशीनची वायर जोडली, पडद्यावर बघितलं. "सगळं ठीक. एकही दोष नाही."

थोरल्याने इंजिन चालू केलं आणि बॉनेटवर वाकला. अप्पा उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. वहिनी सवयीने काचेमागे जाऊन उभी राहिली.

तिला ते लगेच ऐकू आलं. खूप खाली, बारीक, वाळू चाळल्यासारखं. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. अजून महिना-दोन महिने चाललं असतं, मग एक दिवस दंतवैद्य भर रस्त्यात वाफेत उभा राहिला असता. मशीनला ते कळणार नव्हतं. पंप अजून पाणी नीट ढकलत होता, मशीन तेवढंच बघतं.

हात वर गेला की खड्डा वाचतो, गाड्या येत राहतात, आणि तिला ऐकायला मिळत राहतं. असं चोरून का होईना. हात खाली राहिला, तर सगळं संपतं आणि अप्पांची अब्रू जाते. पण हे सगळं नंतर मनात आलं. इंजिनाच्या बाबतीत खोटं सांगायचं तिला सुचलंच नाही. तिने गळ्याला हात लावला.

अप्पांनी पाहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. थोरला तर श्वास रोखून.

अप्पांनी पेचकस कानापासून काढला.

"मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे गाडी ठीक आहे?" ताईने विचारलं.

"गाडीचं नाही म्हणत. मला ऐकू येत नाही. दहा महिने झाले." ते थोरल्याकडे वळले. "तू माझ्या कानासाठी भावाशी भांडतोयस. तो कान नाहीये बाबा. कशाला उगाच घसा फोडतोस?"

"काय बोलताय अप्पा? परवा तुम्हीच तर ती पांढरी टॅक्सी..."

"ती हिने ऐकली." अप्पांनी काचेकडे हात केला. "सगळ्या हिनेच ऐकल्या. ये गं, बाहेर ये. आता कशाला लपायचं?"

वहिनी बाहेर आली. अप्पांनी पेचकस तिच्या हातात दिला. इतकी वर्षं तिने तो नुसता पुसून जागेवर ठेवला होता, कानाला कधी लावला नव्हता. तिने टोक पंपाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि जे तिला काचेतून बारीक ऐकू यायचं ते एकदम कानात भरून आलं. तिचे डोळे पाणावले.

"पाण्याचा पंप," ती म्हणाली. "बेअरिंग गेलंय."

धाकट्याने इंजिन बंद केलं, पट्टा सैल करून काढला, पंपाची चकती बोटांनी फिरवली. खरखर. त्याने ताईला हात लावून बघायला सांगितलं. मग तो वहिनीकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर कमालच केलीत!" आणि ते त्याच्या तोंडून इतकं मनापासून आलं, की ताईने तिच्या गळ्यातच हात टाकले.

थोरला मात्र खड्ड्याच्या काठावर मटकन बसला.

"सव्वीस वर्षं आपण एका खोलीत राहतोय," तो बायकोला म्हणाला. "आणि मला माहीत नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"मला कधी..." सगळ्यांसमोर, खाली मान घालून, तो म्हणाला, "मला कधीच ऐकू आलं नाही. लहानपणापासून. मी नुसतं हो म्हणायचो."

"ठाऊक आहे," अप्पा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे, बाप आहे मी तुझा. तू हो म्हणालास की मी पुन्हा एकदा ऐकून घ्यायचो." ते त्याच्या शेजारी कसेबसे टेकले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हात कोणाचे होते? मी ऐकायचो, बांधायचास तूच. नुसतं ऐकून कुठली गाडी चालते?"

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग आता खड्ड्याचं काय?" ताईने विचारलं. कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

"ज्याचा कान, त्याचा शब्द," अप्पा म्हणाले. "आजवर तसंच चालत आलंय. तू सांग गं."

थोरल्याने आशेने वर बघितलं. धाकट्यानेही बघितलं, आणि त्याने मनातल्या मनात सिमेंटवाल्याचा नंबर शोधायला सुरुवात केली. बाईला आज कुठे हे मिळालंय, ती कशाला हातचं घालवेल!

वहिनी केबिनच्या काचेला टेकून उभी होती.

"मी तिथे बसते ना," ती म्हणाली, "सकाळी आठला खिडकी उघडते. आठ ते नऊ स्टँडवरून टॅक्सी सुटतात. मी मोजते. आपला एक चाळा. दोन वर्षांपूर्वी एकतीस इंजिनं ऐकू यायची. ती एकतीसही मी ओळखत होते, कोणाचा सायलेन्सर फुटलाय, कोण थंडीत उशिरा पेट घेतो. गेल्या उन्हाळ्यात वीस झाली. या आठवड्यात अकरा. बाकीच्यांची नुसती चाकं ऐकू येतात." ती थांबली. "तुम्ही सगळे म्हणताय येणार, येणार. ते आलंय हो. मला रोज ऐकू येतंय. तुम्हाला काय, तुम्ही ऐकतच नाही."

"वहिनी, पण तुमचं..." धाकटाच म्हणाला.

"माझं काय? मला वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. आत्ता कुठे हातात पेचकस आला आणि मीच नको म्हणतेय." तिने पदराने डोळे पुसले. "पण अकराची उद्या सहा होणार. ती सहा गेली की आपण काठावर पाय सोडून एकमेकांची तोंडं बघत बसायचं का? भरा खड्डा."

थोरला काठावरून उठला.

"फक्त," ती म्हणाली, "हा पंप आज बदलायचा. आणि मी बदलणार."

"तू? अगं, तू कधी खड्ड्यात उतरलेली नाहीस."

"म्हणूनच. सकाळी उतरायला कुठे राहणार आहे तो?"

मग काय विचारता! धाकट्याने आणि ताईने दंतवैद्याची गाडी ढकलत खड्ड्यावर घेतली. थोरल्याने फळीवरून पंपाचा खोका काढला, आपला जुना निळा डगला बायकोच्या अंगावर चढवला, बाह्या दुमडून दिल्या, आणि तिच्या पाठोपाठ पायऱ्या उतरला. खाली दोघांना उभं राहायला जेमतेम जागा. "आधी पाणी सोड. डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे. आता चौदाचा पाना." तो सांगत होता, ती करत होती. वरून ताई दिवा धरून, "दादा, तिला करू दे ना, मध्ये मध्ये हात नको," म्हणत होती. एकदा दोघं खाली खळखळून हसली. कशाला ते वरच्यांना कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. ताईला आपल्या भावाचं असं हसणं ऐकून किती वर्षं झाली तेही आठवेना.

दिवेलागणीला पंप बसला. पट्टा चढवला, पाणी भरलं. शटर पूर्ण वर केलं. कोपरापर्यंत काळी झालेली वहिनी बाहेर आली, आणि थोरल्याने किल्ली फिरवली.

इंजिनाने एकदा उसळी घेतली आणि मग ते एका लयीत चालू राहिलं. वहिनीने कान दिला. कुठे काही नव्हतं, खरखर नाही, टकटक नाही. अप्पांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने मान हलवली.

"बंद करू?" थोरल्याने आतून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "चालू दे जरा."

पेट्रोल फुकट जाळू नका म्हणून सगळ्या घराला सदा ओरडणारा धाकटा तिथेच उभा होता. त्याने वाकून फक्त पेट्रोलचा काटा बघितला. टाकी अर्धी होती.